वेठबिगारी मोडायला केंद्र सरकार नेमकं काय करतं? एका निवृत्त प्रांताचं उत्तर

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: 2023 च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात भारतात सुमारे 1 कोटी 10 लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत आहेत असं म्हटलंय. सरकार मात्र संसदेत सांगतं की 1978 पासून आजवर तीन लाखांच्या थोडे वर वेठबिगार सापडले आणि सोडवले गेले. यातलं खरं काय? सरकार करतं तरी काय? आणि गावाशेजारच्या वीटभट्टीवर संशय यावा असं काही दिसलं तर जायचं कुणाकडे?

मी महसूल खात्यात होतो. नोकरीतली बरीच वर्षं कोकण विभागात गेली, आधी तहसीलदार आणि पुढे प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, म्हणून. त्यामुळे हे उत्तर मंत्रालयातून दिसतं तसं नसेल, तालुक्याच्या कचेरीतून दिसतं तसं असेल.

आधी आकड्यांचं बघू. तो अहवाल वॉक फ्री या संस्थेचा. सर्वेक्षणं आणि गणित यांवर बेतलेला तो अंदाज आहे, त्यात सक्तीची लग्नंही धरली आहेत, आणि आपल्या सरकारने अशा अंदाजांवर वेळोवेळी आक्षेप घेतलाय. सरकारी आकडा वेगळंच काहीतरी मोजतो: किती जणांना मुक्तीचा दाखला दिला गेला. दाखला मिळाला नाही तो माणूस सरकारी हिशोबात कधी वेठबिगार नव्हताच. परदेशी अहवाल हवा तर बाजूला ठेवा. पण 2016 साली केंद्रीय कामगार मंत्रालयानेच 2030 पर्यंत 1 कोटी 84 लाख वेठबिगार शोधून त्यांचं पुनर्वसन करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. म्हणजे खुद्द सरकारच्या मनातला आकडा त्या अहवालापेक्षा मोठा निघतो. चार दशकांत तीन लाख दाखले देणारी यंत्रणा पंधरा वर्षांत एवढे दाखले कुठून आणणार, हे कुणी विचारलं नाही, आणि आता त्या उद्दिष्टाचं नावही फारसं निघत नाही.

उद्दिष्ट दिल्लीत ठरतं, पैसा दिल्लीतून येतो, कायदा संसदेचा आहे. पण माणूस सापडला असं कागदावर लिहून द्यायचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांच्या सहीत आहे. देशाची सगळी लढाई या एका सहीपाशी येऊन थांबते. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच, बाकी तपशील.

संविधानाच्या अनुच्छेद 23 ने माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी यांवर 1950 सालीच बंदी घातली. ही बंदी सरकारपुरती नाही, खासगी मालकालाही लागू आहे. तरी वेठबिगारीच्या पद्धतीवर नेमका घाव घालणारा केंद्रीय कायदा यायला पंचवीस वर्षं गेली. आणीबाणीत, इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमातून, ऑक्टोबर 1975 मध्ये वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये त्याचा वेठबिगार पद्धत (उच्चाटन) अधिनियम झाला. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींनी मात्र वटहुकमाची वाट पाहिली नव्हती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि मग नवराबायकोने त्याच्याच वाडीत वर्षानुवर्षं राबायचं, या पद्धतीला तिकडे लग्नगडी म्हणत. 1945 साली टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनानंतर गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी तलासरी-उंबरगाव पट्ट्यात उतरले, आणि वारल्यांनी वेठ व लग्नगडी दोन्ही झुगारून दिली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. सरकार नावाची गोष्ट तेव्हा कुठल्या बाजूला उभी होती हे त्या भागातले म्हातारे विसरलेले नव्हते. चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्याला पाड्यावर लगेच कुणी बोलत नाही, त्यामागे हेही आहे.

कायदा छोटा आहे, पण कसदार आहे. ज्या दिवशी तो अमलात आला त्या दिवशी देशातले सगळे वेठबिगार मुक्त झाले, त्यांच्या अंगावरचं कर्ज संपलं, गहाण टाकलेली वस्तू सुटली आणि राहत्या झोपडीतून त्यांना हुसकता येणार नाही असं ठरलं. संपलेलं कर्ज नंतर वसूल केलं तर तोही गुन्हा. सगळ्यात मोलाचं कलम 15: हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. मजुराने काहीच सिद्ध करायचं नाही.

व्याख्याही लोकांना वाटते त्यापेक्षा रुंद आहे. साखळदंड लागत नाही, मारहाण लागत नाही. आगाऊ रक्कम घेतलेली असली, किंवा रूढीने, वारशाने वा जातीमुळे बंधन आलेलं असलं, आणि त्यापायी चारपैकी एक जरी गोष्ट घडली तरी पुरे: मजुरी नाही किंवा नाममात्र, दुसरीकडे काम करायची मोकळीक नाही, हिंडाफिरायची मोकळीक नाही, आपला माल बाजारभावाने विकायची मोकळीक नाही. आणि नाममात्र म्हणजे किमान वेतनापेक्षा कमी, हेही कायद्यातच लिहिलंय. पुढे 1982 साली, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की पोटाच्या मजबुरीने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबणं हीसुद्धा अनुच्छेद 23 मधली सक्तीची मजुरीच. 1983 च्या डिसेंबरात फरीदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात, जो स्वामी अग्निवेशांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाने लावून धरला होता, न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांपोटीच, आहे असं गृहीत धरा, नाही म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा.

एवढं सगळं हातात असताना दाखले का निघत नाहीत? याचं उत्तर एका सरकारी शब्दात आहे: निरंक, म्हणजे शून्य, काही नाही. दर ठरावीक काळाने वरून पत्र येतं, आपल्या तालुक्यातील वेठबिगारांची माहिती सादर करावी. तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलकडे, तिथून प्रांताकडे, सगळीकडून एकच शब्द वर चढत जातो. निरंक पाठवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. एक आकडा लिहा, मग बघा. इतकी वर्षं तुमच्या नाकाखाली हे चाललं होतं का, अशी विचारणा. विधानसभेत तारांकित प्रश्न. भट्टीमालक बहुधा कुणाचा तरी मेहुणा, त्याचे फोन. शिवाय तेवढ्या कुटुंबांची जेवणाखाण्याची सोय, पोलिसांशी पत्रव्यवहार, खटला, पुनर्वसनाचा प्रस्ताव, हे सगळं त्याच कचेरीवर, जिच्याकडे निवडणूक, भूसंपादन आणि दुष्काळाचे पंचनामेही आहेत. शोधणाऱ्याला शिक्षा आणि न शोधणाऱ्याला शांत झोप, अशी ही रचना आहे. केंद्राने कितीही चांगली योजना आणली तरी ही गाठ सुटल्याशिवाय ती खाली पोचत नाही.

केंद्र सर्वेक्षणाला पैसे देतं. 2016 च्या योजनेत संवेदनशील जिल्ह्याला एका सर्वेक्षणासाठी साडेचार लाख रुपयांची तरतूद आहे. पण ते होतं कसं ते बघा. कागद फिरत फिरत येतो तोवर पावसाळा लागलेला असतो. भट्ट्या बंद, मजूर पाड्यावर. भट्टीवर कुणी नाही म्हणून तिथे निरंक, आणि पाड्यावरचा माणूस त्या घडीला कुणाकडेच कामाला नाही म्हणून तिथेही निरंक. भट्टीचं सर्वेक्षण पौष-माघात भट्टीवर जाऊन करायचं असतं, आणि पाड्यावर जायचं तर श्रावण-भाद्रपदात, घरातलं धान्य संपलेलं असतं आणि मजूर गोळा करणारे मुकादम बयाणा, म्हणजे उचल, वाटत हिंडत असतात तेव्हा.

सप्टेंबर 2022 मधलं इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. एका कातकरी आदिवासी मुलीचा मृत्यू झाला आणि मग बाहेर आलं की पाड्यावरची मुलं मेंढरं राखायला दिली जात होती. आईबापांच्या हाती थोडे पैसे आणि एखादं मेंढरू. त्यानंतर नाशिक-नगर भागात शोध सुरू झाला आणि आणखी मुलं सापडली. ती मुलं आधीही तिथेच होती. त्या भागातले कागद तोवर काय म्हणत असतील याची कल्पना आता तुम्हीही करू शकता.

आता जबाब. मुक्तीचा दाखला मिळणं न मिळणं निम्म्याहून अधिक जबाबावर ठरतं, म्हणून जरा थांबून सांगतो. अननुभवी अधिकारी भट्टीवर जातो, मालकाच्या खुर्चीवर बसतो, मालकाचा चहा घेतो आणि मालक दोन हातांच्या अंतरावर उभा असताना मजुराला विचारतो, तुला इथे जबरदस्तीने ठेवलंय का? मजूर म्हणतो, नाही साहेब, राजीखुशीने आलो. पंचनाम्यात तेच उतरतं, प्रकरण मिटलं.

माझी पद्धत अशी होती की आधी माणसांना तिथून हलवायचं, शाळेत नाहीतर समाजमंदिरात आणायचं, जेवू घालायचं, बायकांचा जबाब बाईमाणसाने घ्यायचा आणि नवऱ्यापासून वेगळा घ्यायचा. वेठबिगार हा शब्द काढायचाच नाही. साधे प्रश्न विचारायचे. बयाणा कितीचा घेतला, कुठल्या महिन्यात, कुणाच्या हातून? खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) किती मिळते आणि कोणत्या वारी? शेवटचा बाजार कधी केला, सोबत कोण होतं? घरातलं कुणी वारलं तर सगळे जाता की एकाला मागे ठेवून जावं लागतं? पलीकडच्या भट्टीवर दर जास्त असला तर जाता येईल? आधार आणि रेशनकार्ड कुणाच्या पेटीत आहे? हिशोबाची वही तुम्ही कधी हातात घेतलीत का? सगळे मयतीला जाता का, या प्रश्नावर बहुतेक वेळा खरं उत्तर येतं. नवराबायको गेले तर पोरगं भट्टीवर ठेवून जावं लागतं, असं एखादी बाई सहज सांगून जाते. तिला त्यात वावगं काही वाटत नसतं. पण हिंडायची मोकळीक नसल्याचा याहून सरळ पुरावा मिळत नाही.

हिशोबाचंही एक उदाहरण देतो. आकडे समजा म्हणून घ्या, पण मांडणी नेहमीची आहे. जोडीने भाद्रपदात 30,000 रुपये बयाणा घेतला. हंगामात दीडशे दिवस, रोज सरासरी सातशे विटा थापल्या, म्हणजे 1,05,000 विटा. हजारी दर 600 धरला तर कमाई 63,000. आठवड्याला 1,500 प्रमाणे पंचवीस आठवड्यांची खर्ची 37,500. अवकाळी पावसात विरघळलेल्या आणि फुटलेल्या विटांचे म्हणून मालकाने कापले 8,000. राहिले 17,500. बयाणा 30,000 चा, म्हणजे हंगाम संपताना साडेबारा हजार अंगावर. ते फेडायला पुढच्या वर्षी याच भट्टीवर यायचं. वहीत कुठेही लबाडी दिसत नाही, बेरीज-वजाबाकी चोख असते. आता हेच कायद्याच्या नजरेने बघा: 63,000 भागिले दीडशे दिवस, भागिले दोन माणसं, रोजी 210 रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 2024-25 मध्ये 297 होता. मुलांनी उचललेल्या विटा तर कुणाच्याच नावावर नाहीत. आणि पावसाचं नुकसान मजुराच्या माथी कुठल्या न्यायाने? अशी वही हाती लागली की ती जप्त करायची, मालकाच्या सहीसकट. मालकाचा बचाव म्हणून ठेवलेला तो कागद खरं तर त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा असतो.

यापुढे पैशाचा भाग. मे 1978 मध्ये पुनर्वसनाची केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली तेव्हा माणशी 4,000 रुपये मिळत, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. रक्कम टप्प्याटप्प्याने वाढत 2000 साली 20,000 झाली. मे 2016 पासून सगळा भार केंद्राने घेतला आणि रकमा एकदम वर नेल्या: प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, आणि देहविक्रयातून वा तस्करीतून सोडवलेल्या स्त्रिया-मुलं, तृतीयपंथी, अपंग अशांना 3 लाख. सुटका झाल्याबरोबर द्यायची तातडीची मदत 20,000 होती, 2022 पासून ती 30,000 पर्यंत आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 10 लाखांचा कायमचा निधी असावा, म्हणजे दिल्लीच्या मंजुरीसाठी थांबावं लागू नये, असं योजनेत स्पष्ट लिहिलंय. जमीन, घर, रेशन, मुलांचं शिक्षण हे पैशाशिवायचं वेगळं.

कागदावर ही योजना मला आवडते. दोष एका वाक्यात आहे. तातडीच्या मदतीनंतरची मोठी रक्कम न्यायप्रक्रियेतून वेठबिगारी सिद्ध होण्याशी बांधली आहे. खटला संपला नाही म्हणून प्रस्ताव अडवू नये असंही म्हटलंय, पण शेवटचं वाटप मात्र सिद्धतेनंतर. खालच्या कारकुनाला अडवायला एवढं पुरतं. कलम 15 मजुराला म्हणतं, तू काही सिद्ध करू नकोस. योजना म्हणते, सिद्ध झाल्यावर पैसे घे. खटले रेंगाळतात, साक्षीदार दुसऱ्या तालुक्यात नाहीतर दुसऱ्या राज्यात गेलेले असतात. ओडिशाचा मजूर तेलंगणात सापडला तर दाखला एका राज्याचा, पुनर्वसन दुसऱ्या राज्याचं आणि फाईल दोन्हींच्या मध्ये. 1984 साली नीरजा चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की सोडवलेल्या माणसाचं पुनर्वसन केलं नाही तर सुटकेला अर्थ उरत नाही, तो पुन्हा त्याच दारात जातो. त्याला चाळीस वर्षं झाली.

कातकऱ्यांच्या बाबतीत तर तीस हजारांच्या धनादेशापेक्षा भाद्रपदातलं पोतंभर तांदूळ जास्त काम करतं, असं माझं स्पष्ट मत आहे. बयाणा चैनीसाठी कुणी घेत नाही. पावसाळ्यात काम नसतं, सणाला आणि दवाखान्याला पैसे लागतात म्हणून घेतात. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी कातकरी एक, कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्यांखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. जिथे रेशनकार्ड झालं, जातीचा दाखला मिळाला, वनहक्काचा प्लॉट मिळाला आणि पावसाळ्यात रोजगार हमीचं काम निघालं, तिथे मुकादमाचा बयाणा कमी झालेला मी बघितलाय. अशा असुरक्षित जमातींसाठीची केंद्राची 2023 पासूनची पीएम-जनमन ही योजना वेठबिगारीच्या नावाने आलेली नाही, पण घर, रस्ता आणि कागदपत्रं तिच्यातून खरंच पोचली तर वेठबिगारीवर तिचा परिणाम होईल.

शिक्षेचं पारडं हलकं आहे. 1976 च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड. हा दंड आजही तेवढाच आहे. दंड वसूल झालाच तर त्यातून मजुराला राबलेल्या दिवसाला 5 रुपये द्यावेत असं कलम 18 सांगतं, तेही बदललेलं नाही. गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्रही आहे, त्यामुळे मालक संध्याकाळी घरी. म्हणून नुसत्या या कायद्याखाली गुन्हा नोंदवून कधीच थांबायचं नसतं. मजूर आदिवासी किंवा अनुसूचित जातीचे असतील आणि मालक तसा नसेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(ज) लागतं, वेठ करायला लावणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही आणि तपास उपअधीक्षकाकडे जातो. मुलं असतील तर बाल न्याय कायद्याचं कलम 79. आणून, फसवून, विकून राबवलं असेल तर मानवी तस्करी, म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं 370, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 143: सात ते दहा वर्षं, मुलांच्या बाबतीत त्याहून जास्त. फौजदार ही कलमं आपणहून लावेलच असं नाही. प्रांताने पत्रात कलमं लिहून द्यायची आणि पोच घ्यायची.

आणखी एक अडचण ठाण्यातली. उचल घेऊन मजूर पळाला की मुकादम किंवा मालक आधी पोलिसांत जातो, फसवणुकीची तक्रार करतो. पोलीस मजुराला बोलावून दम देतात, आपसात मिटवा म्हणतात. मिटवणं म्हणजे त्याला परत कामावर पाठवणं. ऊसतोडीत हे फार चालतं. बीडकडून कोयते, म्हणजे ऊसतोडणीच्या जोड्या, निघतात तेव्हा जोडीने घेतलेली उचल पन्नास हजार, लाख अशी असते. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असं मी म्हणणार नाही. काही टोळ्या दरवर्षी मुकादम बदलतात, घासाघीस करतात, उचल घेऊन दुसरीकडे गेलेलेही आहेत. पण हंगाम अर्धवट सोडणाऱ्याला गाडीत घालून परत आणलं, बायकोपोरांना अडकवून ठेवलं, की वादाला जागा राहत नाही. तिथे पोलिसाने मिटवामिटवी केली तर तो स्वतः त्या गुन्ह्याला हातभार लावतोय.

आता केंद्राच्या बाकीच्या हातांबद्दल, पटकन. गृह मंत्रालय राज्यांना मानवी तस्करीविरोधी पथकांसाठी पैसे आणि सूचना देतं; पथकं आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्यातली माणसं बंदोबस्तालाच असतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा, तस्करीचे गुन्हे तपासू शकते, आंतरराज्य टोळ्यांसाठी ते उपयोगी पडतं. रेल्वे सुरक्षा दल स्थानकांवर मुलं सोडवतं, आणि माझ्या मते या सगळ्यांत ते काम नेटाने होतं, कारण त्यात जमीनदार-मालकांचे हितसंबंध आड येत नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे 1997 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून वेठबिगारी कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख आहे. आयोगाला शिक्षा करता येत नाही, पण त्याच्या नोटिशीला जिल्हाधिकारी घाबरतो, आणि प्रत्यक्षात तेच हत्यार सगळ्यात जास्त चालतं. तस्करीवरचं सर्वंकष विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, राज्यसभेत अडकून बाद झालं.

परदेशातली बाजू नवी आहे. नोकरीच्या आमिषाने थायलंडला नेऊन म्यानमारच्या सीमेवरच्या आवारांत कोंडायचं आणि ऑनलाइन फसवणूक करायला लावायची. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून 549 भारतीय परत आणले, त्यांत महाराष्ट्रातली मुलंही होती. ती शिकलेली, इंग्रजी येणारी, संगणक हाताळणारी. पारपत्र काढून घेतलं, सोडायचे तर पैसे भरा म्हणाले. भट्टीवरच्या अंगावरच्या बाकीत आणि यात कायद्याला फारसा फरक दिसू नये, पण 1976 चा कायदा भारताबाहेर पोचत नाही. तिथे दूतावास, परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांबद्दलचा एमिग्रेशन कायदा आणि तस्करीचं कलम एवढंच.

दुसऱ्या देशांनी काय केलं असं कुणी विचारलं की मी ब्राझीलचं नाव घेतो. त्यांनी 1995 साली आपल्याकडे गुलामगिरी आहे असं जाहीर कबूल केलं आणि फिरती तपासणी पथकं काढली: कामगार निरीक्षक, सरकारी वकील आणि केंद्रीय पोलीस एकत्र जातात, तेही राजधानीकडून, म्हणजे स्थानिक मालकाचा फोन पोचायला जागा नाही. मजुरांचे थकलेले पैसे मालकाकडून तिथेच वसूल करतात. आणि 2003 पासून दोषी मालकांची यादी प्रसिद्ध होते. यादीत नाव आलं की सरकारी बँका कर्ज देत नाहीत. आपल्याकडे भट्टीमालक पकडला गेला तरी त्याच्या विटा सरकारी घरकुलाला जातच राहतात. 1976 च्या कायद्याखालच्या जिल्हा दक्षता समितीत बँकेचा प्रतिनिधी कायद्यानेच असतो, तो मजुराला कर्ज मिळावं म्हणून. मालकाचं कर्ज थांबवायलाही त्याचा उपयोग होऊ शकतो हे कुणाच्या डोक्यात आलेलं मला आठवत नाही.

शेवटचा प्रश्न: तुम्ही काय करायचं. भट्टीवर जाऊन मालकाशी वाद घालू नका, मजुरांचे व्हिडिओ काढून पसरवू नका. त्याच रात्री माणसं हलवली जातात आणि पथक रिकाम्या झोपड्या बघून परततं. जिल्हाधिकारी आणि प्रांत दोघांना लेखी अर्ज द्या. त्यात भट्टीचं ठिकाण, गट नंबर माहीत असेल तर तो, मालक आणि मुकादम यांची नावं, किती कुटुंबं आणि मुलं आहेत, कुठल्या भागातली आहेत आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत एवढंच लिहा. वेठबिगार पद्धत (उच्चाटन) अधिनियम, 1976 खाली चौकशी करावी असा स्पष्ट उल्लेख हवाच, नाहीतर अर्ज कामगार खात्याकडे जातो आणि किमान वेतनाचा साधा तंटा होऊन बसतो. कुणी कोंडलेलं असेल, मारहाण चालू असेल तर 112. मुलं असतील तर 1098. कायद्याची मदत 15100 वर फुकट मिळते. गावात किंवा तालुक्यात श्रमिकांची संघटना असेल तर आधी तिच्याशी बोला. वसई-ठाण्याकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने 1980 च्या दशकापासून हे काम केलंय. मजुरांचा विश्वास तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा अशा लोकांवर जास्त असतो.

दोन-तीन दिवसांत हालचाल दिसली नाही तर अर्जाची प्रत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला ऑनलाइन पाठवा आणि तसं प्रांतांना कळवा. सुटका झाली तर तिथेच थांबून प्रत्येक प्रौढ मजुराच्या हातात स्वतःच्या नावाचा दाखला पडला का बघा, नुसत्या कुटुंबप्रमुखाच्या नव्हे. बायकोचा दाखला निघाला नाही तर तिचे दोन लाख गेले. दाखल्यावर तारीख, शिक्का आणि जावक क्रमांक आहे याची खात्री करा आणि तिथल्या तिथे फोटो काढून ठेवा. मूळ प्रत पावसाळ्यात झोपडीत टिकत नाही.